शांताक्कांची विंचवांची खोली

अन्याय झाला तो शांताक्कांवर. याच भाद्रपदात, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. त्या जैनांच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वासाठी रजेवर होत्या आणि इकडे कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजने त्यांच्या विंचवांच्या खोलीत कीटकनाशक फवारलं; सगळे विंचू मेले. का, तर तिथं ‘स्मार्ट क्लासरूम’ करायची होती!

अक्का प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या. कांदा-बटाट्यालाही न शिवणाऱ्या या बाईने वर्षानुवर्षं विंचू सांभाळले, त्यांना जिवंत झुरळं चारली. विंचवाच्या विषावर संशोधन करायला मी तिथं गेले, त्या पहिल्याच दिवशी खवचटपणे विचारलं, “झुरळाला जीव नसतो व्हय, अक्का?”

“असतोय की. म्हणून तर चारल्या दिवशी मी संध्याकाळी जेवत न्हाय. विंचू उपाशी मेला तरी पाप माझंच. तू शिकलीयास, तिसरी वाट सांग.”

ती वाट मी अजून शोधतेय.

विष काढताना त्यांना पाहावं. चिमट्यात विंचू, शेपटीला विजेचा हलका झटका, नांगीच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. तो अलगद काचनळीत. “झालं बाळा, झालं,” हे विंचवाला. मला मात्र, “श्वास आवर की! थेंब उडंल.”

त्या थेंबात कितीतरी द्रव्यं असतात. त्यातलं एखादं मज्जापेशीच्या नेमक्या एकाच दाराला कडी घालतं, शेजारच्या दाराला हातही लावत नाही. मी पुस्तकात वाचलं होतं. अक्कांच्या हातात पाहिलं तेव्हा खरं वाटलं. फिट येणाऱ्या मेंदूला शांत करणारं औषध यातून मिळेल का, हे शोधणं चाललंय. अजून मिळालेलं नाही. मिळेलच असंही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. अक्कांच्या भाचीला लहानपणापासून फिट येतात. “तिला मिळणार न्हाय गं ते,” त्या म्हणत, “कुणाच्या तरी पोरीला मिळंल की.”

रजेवरून परतल्या तो क्षमावाणीचा दिवस. जैन माणूस त्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागतो. अक्कांनी एकेक बरणी उघडली, मेलेला प्रत्येक विंचू कागदावर ठेवला आणि प्रत्येकापुढे हात जोडले. मग थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये. मी मागोमाग, भांडायच्या तयारीने.

“सर, वर्षात माझं काय चुकलं असलं तर क्षमा करा.”

“असू दे, असू दे,” प्राचार्य म्हणाले. “विंचू काय, ढिगाने मिळतील.”

बाहेर येताच मी ओरडले, “माफी त्यांनी मागायची!”

“ते त्यांचं त्यांनी बघावं. माझी मागायची हुती, मी मागितली. आता खोली मागायची. चल, अर्ज लिही.”

अर्ज लिहिलाय. पहिली सही अक्कांची, दुसरी माझी, खाली सगळा कागद कोरा. सोमवारी सकाळी दहाला कॉलेजच्या फाटकाशी या. हळहळ घरी ठेवा, पेन घेऊन या.