बरणीकाकांची रेघ

फुकट काही मिळालं की मला आधी संशय येतो, मग आनंद होतो. बरणीकाकांच्या बाबतीत तर आनंदाची पाळी आलीच नाही.

हा माणूस कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं शिपाई. बेडूक, साप, सरडे ठेवलेल्या बरण्या पुसायच्या, त्यांतलं औषध बदलायचं, प्रात्यक्षिकाला टेबलं मांडायची. म्हणून बरणीकाका. स्वतः दहावी नापास! पण डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणारी पोरं त्यांच्या दारात चपला काढून उभी. सगळ्यांचा प्रश्न एकच : किती खोलात वाचायचं? काका कानावरची पेन्सिल काढायचे आणि धड्यात आडवी रेघ मारायचे. रेघेच्या वरचं पाठ करायचं, खालचं सोडून द्यायचं. पंधरा दिवसांनी पुस्तकं परत मागवून, कोण किती वेगाने वाचतं ते बघून, रेघ वरखाली करायचे. पैशाचं नाव काढलं की हात झटकायचे.

माझ्या लेकीने गेल्या वर्षी हाताच्या एकेका स्नायूचं नाव घोकलं आणि भौतिकशास्त्राची दोन प्रकरणं उघडलीसुद्धा नाहीत. अकरा मार्कांनी प्रवेश हुकला. यंदा शेवटची संधी, नाहीतर मिळेल त्या कॉलेजात जायचं, असं तिच्या बाबांनी बजावलेलं. म्हणून तिला घेऊन गेले काकांकडे. त्यांनी सपासप रेघा ओढल्या, माझा जीव खालीवर.

"काका, एवढं गाळायचं? आणि नेमकं तेच आलं तर?"

"येईल की एखादं. ते जाऊ द्यायचं, ताई."

"तुमचं काय जातंय जाऊ द्यायला!"

त्यांनी पुढचा धडा उघडला. मी शिवणकाम करते. ब्लाऊजच्या आत दोन बोटं कापड जास्तच सोडते, उद्या लागलं तर असावं म्हणून. कापून टाकलेलं परत कुठून आणायचं?

पंधरा दिवसांनी पुस्तकं परत तपासायला दिली. ती आणायला मीच निघाले, तर जिन्यात शेजारीण म्हणाली, "काकांची नातही बसतेय हो यंदा, त्याच परीक्षेला." झालं! शंकेची पाल चुकचुकली. अस्सं आहे होय! लोकांच्या पोरींनी अर्धं वाचायचं आणि घरच्या पोरीने सगळं. तरीच म्हटलं, हा धर्मात्मा कुठून उगवला.

पुस्तकं आणली. लेक क्लासला गेलेली. शिलाई मशीनवरच पुस्तक उघडलं आणि खोडरबर घेऊन एकूणएक रेघ पुसली. बोटं दुखून आली, पण मनाला गार वाटलं.

लेक आली, पानं चाळली. मला वाटलं, आता विचारेल. पण नाही. उलट चेहरा उजळला तिचा. दुसऱ्या दिवसापासून अक्षर न् अक्षर वाचायला लागली, जेवताना ताटापाशी पुस्तक. तीन आठवड्यांनी सराव परीक्षेत आधीपेक्षा साठ मार्क कमी पडले. भौतिकशास्त्राची दोन प्रकरणं पुन्हा तशीच राहिलेली. मी क्लासवाल्यांवर संशय घेतला, तिच्या मैत्रिणींवर घेतला, चष्म्याच्या नंबरावरसुद्धा घेतला. शेवटी म्हटलं, मूळ चोराला गाठावं.

"काका, नातीची पुस्तकं दाखवता जरा?"

त्यांनी का म्हणूनही विचारलं नाही. हाक मारली, पोरीने पुस्तकं आणून दिली. मी पानं उलटली. रेघा होत्या! आमच्यापेक्षाही वर.

"हिच्या वर कशा?"

"ती सावकाश वाचते. तुमची पोर चपळ आहे, तिला दोन ओळी जास्त दिल्यात." मग त्यांनी स्वतःचं जुनं पुस्तक काढलं. दर वर्षी परीक्षेच्या दिवशी ते केंद्राच्या फाटकाबाहेर उभे राहायचे. बाहेर येणाऱ्या पोरांना काय आलं ते विचारायचे आणि पुस्तकात त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायचे. बावीस वर्षांच्या खुणा! रेघेच्या वर खुणांची दाटी, खाली कुठे एखादी.

"रेघा पुरतायत ना तिला?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षेला एकोणीस दिवस उरले होते. घरी येऊन लेकीला सांगितलं, "रेघा मी पुसल्या."

"तू? मला वाटलं, काकांनी पुसल्या. त्यांना वाटलं असेल, हिला सगळं झेपेल." पुस्तक मिटून म्हणाली, "पण तू का पुसल्यास? तुला तसं वाटलं?"

किती सोपं होतं हो म्हणणं! म्हटलंही.

"आई, खरं सांग."

खरं सांगितलं. नातीचं, माझ्या संशयाचं, सगळं. ती उठली. पुस्तकं पिशवीत भरली, चपला घातल्या. मीही उठले, तर म्हणाली, "तू नको येऊस."

काकांनी रेघा पुन्हा ओढून दिल्या, पण परीक्षेपर्यंत पुस्तकं त्यांच्याच घरी राहिली. ती रोज तिकडे जाऊन नातीशेजारी अभ्यासाला बसायची, आणि घरी येताना हात रिकामे असायचे.