राहत्या घरून, ठीक सात वाजता

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मंडळी. एकदा सुरुवात केली की मी मध्ये थांबणार नाही. माझ्या हातून जे झालं त्याला शुद्धलेखनाची चूक म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण शुद्धलेखन अचूक होतं. मराठीचा मास्तर ना मी!

आधी माझ्या पायाची गोष्ट ऐका. मागच्या वर्षी सोनगीरहून सायकलवर धुळ्याला परतताना एका ट्रॉलीचा कोपरा लागला आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई बसवली. आठ महिने काठी, वॉकर आणि पुन्हा काठी. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सर, आता सायकल चालवायला हरकत नाही."

पायाची हरकत नव्हती हो. मनाची होती.

आमच्या घरी रविवारी सकाळी सगळ्यांनी सायकलवर नकाणे तलावापर्यंत जायची पद्धत. ही पद्धत सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने पाडली. ती जाऊन दोन वर्षं झाली. तिची सायकल आता मुलगी, प्रज्ञा चालवते. आठ वर्षांची नात सई तिच्या छोट्या सायकलवर असते. मी तेवढा ओट्यावर बसून दोघींना हात करायचो.

चार रविवार मी "आज येतो" म्हणालो आणि चारही रविवार पाय दुखला. पाचव्या शनिवारी सई म्हणाली, "आबा, तुमचा पाय फक्त रविवारीच दुखतो का?"

आणि प्रज्ञा म्हणाली, "उद्या नाही बसलात तर सायकल मी देऊन टाकते कुणाला तरी. तुम्ही रोज तिला पुसत बसता, ते बघवत नाही मला."

लागलं मला. मी ठरवलं, चारचौघांत जाहीर करून टाकायचं, म्हणजे माघार घ्यायला तोंड उरणार नाही. गल्लीतल्या सायकलवाल्यांचा नऊ जणांचा ग्रुप आहे. त्यात टाकू निवेदन!

आता आमच्या गल्लीतल्या लग्नपत्रिका, सत्काराचे फलक आणि निधनाच्या वार्ता, सगळं मीच लिहून देतो. सुमन म्हणायची, "अहो, कधीतरी साधं लिहा." पण हाताला वळणच तसं. त्यात फोन एक शब्द लिहिला की पुढचे तीन आपणच सुचवतो. त्याने सुचवलं, मी घेतलं. निवेदन असं झालं:

"कळविण्यात येते की, प्रदीर्घ आजारपणानंतर आपल्या सर्वांचे लाडके आबा उद्या रविवार रोजी सकाळी ठीक सात वाजता राहत्या घरून निघतील. तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे."

सईने सोबत माझा हसरा फोटो जोडला. छान दिसावा म्हणून त्याला फुलांची चौकटही लावली!

मी पाठवलं आणि फोन बंद करून ठेवला. जागरण नको, सकाळी लवकर उठायचं होतं.

निवेदन कुठे गेलं म्हणता? 'आपली माणसं' या ग्रुपवर. धुळे, शिंदखेडा, नरडाणा, पार जळगावपर्यंतचे एकशे बारा नातेवाईक! सुमन गेली तेव्हा भाच्याने तो तयार केला होता, आणि त्यानंतर त्यात कुणी काही टाकलं नव्हतं. प्रज्ञा त्यातून केव्हाच बाहेर पडली होती. का, ते मी विचारलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एकशे बारांतल्या एकालाही घरी फोन करावासा वाटला नाही? अहो, अशा बातमीला आपल्याकडे घरी फोन करतात का? माणूस सरळ निघतो. दोघा-तिघांनी माझाच फोन लावून बघितला म्हणे. तो बंद! मग खात्रीच पटली.

सकाळी साडेसहाला मी न्हाणीत होतो. समोरचे नाना अंगणात आल्याचं ऐकू आलं. नाना आमच्या लांबच्या नात्यातले, म्हणजे ग्रुपमधले. हातात, नंतर कळलं, चहाची भली मोठी किटली. प्रज्ञा सायकलींत हवा भरत होती.

"धीर धर, बेटा," नाना म्हणाले.

"धीर त्यांना द्या नाना, मी खंबीर आहे."

"रात्री फार त्रास झाला का गं?"

"चुळबुळ चालली होती. पहाटे मात्र शांत झाले. म्हणाले, आता जाऊच दे मला."

नानांनी नाक ओढल्याचं मला आतून ऐकू आलं. सर्दी झाली असेल, असं वाटलं.

"सोबत कोण कोण आहे?"

"आम्ही तिघंच."

"तिघं? अगं, चार तरी लागतात!"

"चौथी आई होती ना, नाना."

नानांनी पुन्हा नाक ओढलं. मग हळूच म्हणाले, "आंघोळ... घातली का?"

"घालायची कशाला? स्वतःच करताहेत की!"

अंगणात किटली पडल्याचा आवाज झाला. मी टॉवेल गुंडाळून, काय सांडलं म्हणून दारात आलो. नानांनी मला पाहिलं. नानांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मी म्हणालो, "जयभीम नाना! तुम्हीपण येताय?"

नाना मटकन खाली बसले. "मी? एवढ्यात नको हो, सर!"

त्यांच्या बोलण्याचा मला काही उलगडा होईना. म्हटलं, सायकलला घाबरतात बिचारे. सात वाजायला आले होते. मी कपडे केले, गुडघ्याला पट्टा बांधला, हेल्मेट चढवलं. सायकल फाटकाबाहेर काढली, एक पाय ओट्याला टेकवून सीटवर बसलो. ओट्यावरचा पाय काही उचलेना!

तेवढ्यात कोपऱ्यावर शिंदखेड्याची एक क्रूझर गाडी येऊन थांबली. पाठोपाठ दुसरी. मग रिक्षा. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे उतरायला लागले. सगळ्यांच्या पुढे माझी थोरली बहीण, अक्का. छातीशी हार धरलेला आणि गल्ली हादरवणारा टाहो:

"मना भाऊ रे! माले न सांगता कसा गया रे!"

कोण गेलं? अक्काला भाऊ एकच. मी!

"अक्का, काय झालं गं?"

अक्काने वर पाहिलं. टाहो तिथेच तुटला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हेल्मेट कशाले घालं शे यास्नी?"

भाच्याने फोन माझ्यापुढे धरला. माझा हसरा फोटो. फुलांची चौकट. खाली सत्तर जणांची भावपूर्ण श्रद्धांजली. मी मजकूर वाचला. भाच्याचं बोट लागून पडदा सर्रकन वर सरकला. तिथे सुमनची वार्ता होती, दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेली. वाक्याचं वळण तेच. फक्त नाव वेगळं.

मी फोन परत दिला. प्रज्ञानेही ते वाचलं होतं. ती सायकलीचं हँडल धरून उभी राहिली.

मग अक्काने माझ्या पाठीत धपाटा घातला. हातातल्या हाराकडे पाहिलं, वाया कशाला घालवायचा म्हणून तो हँडलला अडकवला, आणि आलेल्या सगळ्या लोकांना फर्मावलं, "आते बठ्ठा उनात शेत, तं याले पोचाडीच येऊत!"

चार भाचे पुढे झाले. दोघांनी कॅरिअर धरलं, दोघांनी दोन बाजूंनी सीट. खांदा द्यायलाच आलेली माणसं ती, ताकदीला काय कमी! माझा पाय ओट्यावरून कधी सुटला, मला कळलंच नाही. पुढे सई घंटी वाजवत, शेजारी प्रज्ञा तिच्या आईच्या सायकलवर, आणि मागे पांढऱ्या कपड्यांत पन्नास माणसं. नकाणे रोडवरच्या लोकांनी रस्ता सोडला. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढून हात जोडले. मीही परत जोडणार होतो, पण हँडल सोडायची हिंमत नव्हती.

तलावाच्या अलीकडे मागे वळून पाहिलं, तर चौघे भाचे केव्हाच सुटून पार मागे धापा टाकत उभे होते. मी एकटाच चालवत होतो!

आता निवेदनं प्रज्ञा लिहिते. पुढच्या शनिवारी तिने 'आपली माणसं'वर टाकलं: "आबा जिवंत आहेत. उद्या सातला सायकल."

सगळ्यात आधी अक्काचा फोन आला. म्हटलं, येतेस का पुन्हा?

"मी नही येवाव," अक्का म्हणाली. "आणि आयकी ले, मी तुनाकरता एकदाव रडी लिधं. आते तू खरंच मरशी ना, तवय बी नही येवाव!"