वार दिली नाही

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही, मुलींना माहीत नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्या सेवाभावावर भाषणं झाली, तेव्हाही मी शाल पांघरून गप्प बसले होते. आज तुम्हांला सांगते. मध्ये थांबवू नका — थांबले तर पुन्हा तोंड उघडणार नाही.

नव्वदच्या दशकात मी हरसूलकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते. बायका बाळंतपणाला दवाखान्यात का येत नाहीत, यावर तालुक्याला बैठका व्हायच्या. रस्ता नाही, गाडी नाही, शिक्षण नाही — कारणं आम्हाला तोंडपाठ होती. दवाखान्यातल्या बाईची जीभ, हे कारण कुणी काढलं? कोण काढणार? बैठकीला आम्हीच तर असायचो.

कळा देणाऱ्या बाईच्या मांडीवर मी चापट मारायचे. ओरडू नको म्हणायचे, आणि स्वतःच ओरडायचे. पण ते बऱ्याच जणी करायच्या. तेवढंच कबूल करून मी स्वस्तात सुटणार नाही.

चंद्री पहिलटकरीण होती. तिच्या पाड्यावरून आमच्याकडे बाळंतपणाला आलेली ती पहिलीच. तिच्या सासूने, मंजुळाबाईने, सगळ्या पाड्याशी भांडून तिला आणलं होतं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मग सासू दारात येऊन म्हणाली, "बाई, वार द्या ना. घरी पुरायला लागती."

तिकडे वार, म्हणजे बाळामागून पडते ती, घराशीच पुरतात. ती कुत्र्यामांजराच्या तोंडी लागली तर बाळ-बाळंतिणीचं वाईट होतं, असं मानतात. मला हे पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांचीही ना नव्हती — कुणी मागितली की पिशवीत घालून देत असू. वार टेबलाखालच्या बादलीत होती, माझ्या पायाशी. नुसतं वाकायचं होतं. पण तो शनिवार, नाशिकची गाडी चुकलेली, डोकं फिरलेलं — आणि ही बाई मागतेय.

मी म्हटलं, "मागच्या खड्ड्यात टाकली. कुत्र्याने नेली असेल एव्हाना."

खोटं. साफ खोटं. का बोलले? मला जाब विचारणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून. म्हातारी त्या खड्ड्यात उतरली, घाणीत दोन्ही हातांनी उकरत राहिली. मी खिडकीतून पाहिलं — आणि चहा टाकायला गेले.

त्या पाड्यावरून पुन्हा एकही बाई आली नाही. चंद्रीला दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा ती घरीच बाळंत झाली. रक्त थांबेना. झोळीत घालून आणता आणता ती वाटेतच गेली.

चौकशीला तालुक्याचे साहेब पाड्यावर गेले, सोबत मी. त्यांनी मंजुळाबाईला विचारलं, पहिल्या वेळी आणलीत, मग या वेळी का नाही? तिने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत मीच बोलले — "अडाणी लोक, साहेब. कितीही समजावा, ऐकतच नाहीत." साहेबांनी मान हलवली.

अडाणी? सुनेला दवाखान्यात न्यायचं म्हणून अख्ख्या पाड्याशी भांडलेली ती एकटी बाई होती. तिच्याच अंगणात, तिच्याच माणसांसमोर, सुनेच्या मरणाचा दोष मी तिच्या माथी मारला. आणि साहेबांच्या जीपमध्ये बसून परत आले.