लग्नपत्रिकेसारखी वेबसाइट

कोणाचेही मन न दुखावता जगता येते, यावर अद्याप विश्वास असणारे माझे धाकटे दीर हे नारायणगावातले, कदाचित अवघ्या जिल्ह्यातले, शेवटचे गृहस्थ असावेत. लग्नाला ते पाहुणे म्हणून जातात आणि दुसऱ्या पंगतीला बुंदीची बादली घेऊन वाढताना दिसतात. एकदा मला ओझरला घेऊन निघाले आणि आधी डिंगोऱ्याला पोहोचले, कारण वाटेत हात केलेल्या अनोळखी आजींना तिकडे जायचे होते. वर मलाच म्हणाले, "वहिनी, गणपती काय पळून जातोय व्हय?"

त्यांची टोमॅटोच्या रोपांची रोपवाटिका आहे. शेडनेटच्या गाळीव, हिरव्या उजेडात शिरावे, तर कोवळ्या पानांना बोट लागताच उठणारा तो कडसर वास अंगाला लपेटून येतो. कंपनीच्या वेबसाइटवर मात्र त्या वासाचा मागमूस नव्हता. भाऊजींनी ती आमच्याकडच्या लग्नपत्रिकेच्या घाटाची करून घेतली होती: वर कुलदैवत, खाली प्रेरणास्थान, मार्गदर्शक, ‘आपले नम्र’, समस्त भावकी, आणि प्रत्येकाचा गोल चौकटीतला फोटो. मेव्हण्याच्या मंडपाची जाहिरात होती, शेजारच्या काकूंच्या कुरडया होत्या, मित्राची बैलजोडीही होती. टोमॅटोची रोपे तळाशी कुठेतरी, पाहुण्यांच्या गर्दीत हरवलेल्या नवरीसारखी.

यंदा बाहेरगावची मागणी आटली. शिकून परतलेल्या पुतणीने कारभार हाती घेतला आणि बापाला बजावले, "पप्पा, परवा फोन आला तो मंडपासाठी. रोपं कोण मागणार? एक कंपनी, एक ओळख. नाहीतर पुढच्या हंगामात शेड बंद."

"अगं, काकूचं नाव काढलं तर ती बोलंल का आपल्याशी?"

"एक तरी कुरडई विकली गेली का तिची?"

"न्हाई. पण नाव हाय ना!"

काकूंची समजूत काढली, मंडपही उतरला. मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. सारे अडले ते सर्वांत वरच्या फोटोपाशी. तो होता भाऊजींच्या चुलतभावाचा. दोघांनी मिळून पहिले शेड उभारले होते. गेल्या वर्षी ते वेगळे झाले आणि चुलतभाऊ पठारावरच्या आपल्या गावी, आण्याला, परतले. तेव्हापासून येणेजाणे नव्हते.

"फोटू हाय तवर वाटणी नुसती कागदावर हाय, वहिनी," भाऊजी म्हणाले. पण पोरीचे शेड जगायला हवे, हेही त्यांना कळत होते. पत्रिकेतून नाव गाळायचे तर आधी घरी जाऊन सांगावे, म्हणून ते मला घेऊन आण्याला गेले.

पठारावरचा कोरडा वारा बाजरीतून सळसळत होता. ओट्यावर टेकण्याआधीच भाऊजी म्हणाले, "दादा, तुजा फोटू काढतोय."

"काढ की! मिशी लई काळी हाय त्यात. लोक फसत्यात."

दोघेही हसले. चहा झाला, पोरीची चौकशी झाली. मला वाटले, गाठ सुटली. तेवढ्यात आतून ताटे वाढल्याची हाक आली. चुलतभाऊ उठले, तांब्या पुढे करून अदबीने म्हणाले, "चला पावणं, हात धुऊन घ्या."

ज्या घरात भाऊजी न विचारता चुलीपाशी बसत, तिथे त्यांनी ओट्यावरच हात धुतले.

आता वेबसाइट देखणी झाली आहे. एक ओंजळ, तिच्यात एक रोप, खाली माझी एक ओळ. मागणी पुन्हा येऊ लागली आहे. भाऊजी ते पान भेटेल त्याला अभिमानाने दाखवतात. मात्र दाखवण्याआधी त्यांचा अंगठा पान खाली ओढत राहतो, वर आणखी काही असल्यासारखे.