साहेबांच्या आवाजात एक फोन

काशीगावच्या मागच्या कारखान्यातली मारामारी म्हटल्यावर तुमच्या डोक्यात युनियन, दारू नाहीतर पोरीचं लफडं आलं असेल. सॉरी. आमच्याकडे वाफेवरून रक्त निघालं, आणि ते मी काढलं.

रद्दी भिजवून पुठ्ठा करायची मिल. बॉयलर एकच. त्याची वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज करायची, मग तीच वाफ आमच्याकडे येऊन ओला पुठ्ठा सुकवायची. कोळसा एकदा जाळायचा, कामं दोन. बाहेरची वीज महाग, वर लोडशेडिंग, म्हणून मालक टर्बाइनला रोज अगरबत्ती लावायचा.

रोलवरून पळणारा पुठ्ठ्याचा सलग पट्टा तुटला की वाफ घ्यायला कोणी नाही, बॉयलरचं प्रेशर चढतं. म्हणून सुपरवायझरचा इंटरकॉम आला की बॉयलरवाल्या मामांनी काही न विचारता आग पाडायची, असा नियम. मामा रत्नागिरीचे, आगीसमोरच म्हातारे झालेले.

मी सुकवणीवर होतो आणि सुपरवायझरचा आवाज हुबेहूब काढायचो. त्या आवाजात मागवलेला चहा मामांनी दोनदा पाठवला होता. त्या दुपारी बाहेरची लाईट गेलेली, मिल टर्बाइनवर मस्त पळतेय, मला कंटाळा. उचलला फोन.

"टूट गया! आग गिराओ!"

वाटलं, ओळखतील, शिवी घालतील. मामांनी सरळ आगीला हवा देणारे पंखे बंद केले. वाफ उतरली, दिवे लाल झाले, गेले. अख्खी मिल ठप्प. ओला पुठ्ठा रोलला गच्च गुंडाळला गेला.

सुपरवायझर बॉयलरवर धावला. "किसने बोला तेरे को?"

"आपनेच बोला ना साब."

त्याने राख ओढायची सळई उचलली आणि मामांच्या खांद्यात घातली. मामा कोळशावर आपटले, कपाळ फुटलं. "निकल! कल से मत आना!"

"फोन मी केला!" मी ओरडलो.

"चूप! बुढ्ढे को बचाता है?"

मग काय करणार? त्याच्या तोंडावर त्याचाच आवाज काढला. "टूट गया! आग गिराओ!" मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सळई माझ्या बरगडीत बसली. मग लाथ. खाली पडलो तरी लाथ.

मामांची नोकरी राहिली, माझी गेली. नळावर ते कपाळ धूत होते. मी फाटक्या ओठाने हसून बघितलं.

"हसतोस काय मेल्या? उद्या खरंच तुटला नि फोन आला, तर मी काय करू? खरा की खोटा इचारत बसू? प्रेशर काय माझी वाट बघणार हाय? खांदा भरून येईल रे. पण त्या फोनवर माझा इश्वास होता, तो तू खाल्लास. तोंड धू, आणि चालता हो."