कांबळे सरांच्या भाकरीतले ज्वालामुखी

कांबळे सरांना मी प्रथम पाहिलं ते हातात दोन भाकरी घेऊन वर्गात शिरताना. बिलोलीहून बदली होऊन ते आमच्या रेणापूरच्या शाळेत नुकतेच आले होते. आम्हा मुलींना वाटलं, सरांची न्याहारी राहिली असावी. सरांनी भाकरी टेबलावर कडेला कड लावून मांडल्या आणि म्हणाले, "ही आपली जमीन. खालून तापल्याली, वरून थंड. अन् रोज थोडी थोडी सरकून राहिली." तेव्हापासून भूगोलाच्या तासाला मला भूक लागते, ती आजतागायत.

सर आता पंच्याहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांची शिस्त, त्यांचा वक्तशीरपणा यांवर या गौरव अंकात इतर मंडळी लिहितीलच. मला एकच प्रसंग सांगायचा आहे, कारण माझं सारं शिक्षण त्यावर टांगलेलं होतं.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसानं दडी मारली होती. माझे वडील, अप्पा, रेणापुरात किराणा दुकान चालवीत. दहावी झाली की माझं लग्न, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. सरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लागणारं बेसन त्यांच्याच दुकानातून घेतलं आणि "अप्पा, माल कसा निघतो ते बघाया चला" म्हणत त्यांनाही लातूरला नेलं.

तिथे इतर शाळांनी ज्वालामुखी म्हणून मांडलेले जिकडेतिकडे चिखलाचे डोंगर आणि त्यांच्या तोंडातून वाहणारं लाल पाणी. आमच्या सरांचा दंडक वेगळा होता. "टँकरचं पाणी हाय, सांडायचं न्हाई. जे करू ते खाऊ." त्यामुळे आमच्या टेबलावर दोन स्टोव्ह, पिठल्याची दोन पातेली, एक पातळ आणि एक घट्ट, आणि सरांच्या घरून काकूंनी दिलेल्या भाकरी.

प्रदर्शन तपासत फिरणारे पाहुणे साहेब आमच्यापाशी थांबले. "ज्वालामुखी म्हणता, मग डोंगर कुठाय?"

मी सरांकडे पाहिलं. विद्यार्थ्याच्या वतीनं सर कधी उत्तर देत नसत. त्यांनी नुसती पळी माझ्या हातात दिली, आणि काय आश्चर्य, मी बोलू लागले.

दोन भाकरी एकमेकींपासून दूर सारून मी फटीत पातळ पिठलं ओतलं. ते गुमान पसरलं. "जमिनीचे तुकडे लांब सरकले की असा पातळ रस वर येतो. मोठा धडाका नाही." मग एक भाकरी दुसरीखाली सरकवली. "समुद्राखालचा तुकडा असा खाली जातो, संगं पाणी नेतो. त्या पाण्यानं तिथला दगड वितळतो. रस वर येईस्तोवर चिकट होतो, त्यात वाफ कोंडते, अन् मग..."

शेजारच्या स्टोव्हवर रटरटणारं घट्ट पिठलं फदकन उडालं आणि साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसलं.

"उभा डोंगर असा होतो, साहेब," मी म्हणाले. सगळा मांडव हसला, साहेबही हसले. शेवटच्या भाकरीला मधोमध भोक होतं. "अन् ही आपल्या इकडची जमीन. तुकड्याच्या कडेला नव्हं, मधीच खालून लई उष्णता आली. पातळ रसाचे थरावर थर पसरले. म्हणून आपला दगड काळा अन् डोंगर सपाट डोक्याचे."

बक्षीस चिखलाच्या डोंगराला गेलं. आम्ही ठरल्याप्रमाणे ज्वालामुखी खायला बसलो. अप्पा लांब उभे होते. दुसऱ्या जातीच्या घरचं अन्न आमच्याकडे शिवत नसत, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी आग्रह केला नाही, फक्त शेजारी जागा ठेवली. बऱ्याच वेळानं अप्पा येऊन बसले. भोकाची भाकरी उचलून म्हणाले, "ह्यो आपला मराठवाडा व्हय?" आणि तुकडा मोडला. मला रडू आवरेना. हात धुताना ते सरांना म्हणाले, "पोरीला लातूरच्या कॉलेजात धाडतो. पर ध्यान तुमीच ठिवा."

सरांनी ते ठेवलं. आज मी नांदेडच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते आणि पहिल्या तासाला पिशवीत भाकरी नेते.

सर, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. सत्काराच्या पंगतीत पिठलंच हवं, असा हट्ट अप्पांनी धरला आहे. बेसन दुकानातून निघालंसुद्धा. काकूंना त्यांचा निरोप एवढाच: "माझी भाकरी तुमच्याच हातची पायजे, अन् भोकाची."