मागच्या भिंतीवरचा फळा

"खोली माझी नाही हो, पोरांची आहे. मी नुसती पाहुणी," असं प्रीता मॅडम येईल त्याला सांगायच्या.

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या एका मिडल स्कूलमध्ये त्या चिनी भाषा शिकवायच्या. माहेर पुण्याचं, पण नवऱ्याच्या नोकरीपायी सात वर्षं चीनमध्ये काढलेली. तिथल्या शाळेत त्यांनी पाहिलं, की वर्गाची खोली पोरांची असते. शिक्षक तासापुरते येतात नि जातात. पोरं दिवसभर तिथंच. तीच खोली झाडतात, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालतात, मागच्या भिंतीवरचा फळा रंगीत खडूंनी पुन्हा पुन्हा सजवतात. इथं सगळं उलटं. खोली शिक्षकाची, आणि पोरं घंटा झाली की पाठीवर ओझं घेऊन या दारातून त्या दारात.

म्हणून मॅडमनी आपली एकशे चौदा नंबरची खोली पोरांच्या हवाली केली. मागं फळा बसवून घेतला, कामाच्या पाळ्या लावल्या. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना कुणी शेजारी बसवून घेत नसे, ती पोरं हळूहळू तिथं जमू लागली. रुपालीची मुलगी आन्या त्यातलीच. वर्षभर एकटीनं डबा खाल्लेली ती पोर फळ्याची मुख्य झाली.

रुपालीला यातलं काही ठाऊक नव्हतं. घरी आन्या 'फाइन' म्हणून अख्खा दिवस संपवायची. ऑक्टोबरात शाळेच्या वेबसाइटवर फोटो आला: आन्या गुडघ्यांवर बसून फरशी पुसतेय. रुपालीच्या डोळ्यांपुढं तिची लहानपणीची उमरेडची शाळा उभी राहिली. तिथं मुलगे कबड्डी खेळायचे आणि वर्ग मुलींनी झाडायचा. सातवीपर्यंत तिनं झाडला होता. आन्याला काही न विचारता तिनं प्रिन्सिपलला तक्रारीची ईमेल केली.

शाळा घाबरली. आधी साफसफाई बंद झाली, मग फळा उतरला. जानेवारीत खोलीच गणिताला दिली, नि मॅडमच्या हाती एक चाकांची गाडी आली. तिच्यावर पुस्तकं रचायची आणि ज्या तासाला जो वर्ग रिकामा असेल, तिथं जायचं.

"आई, फोटोच्या दिवशी माझा टर्न होता," आन्या म्हणाली. "आदल्या दिवशी कबीरचा होता. बॉईजपण करायचे. तू विचारलंपण नाहीस." मग खाली बघत, "आता मी लंच जिन्यात बसून खाते."

दुसऱ्या दिवशी बर्फातून कार काढून रुपाली आन्याबरोबर शाळेत गेली. मॅडम कॉरिडॉरमध्येच भेटल्या, गाडी ढकलताना.

"मॅडम, ती ईमेल माझी होती."

"ठाऊक आहे. खाली नाव होतं."

"आमच्या शाळेत फक्त मुलींनाच झाडायला लावायचे हो. मला वाटलं..."

"मग एकदा दाराशी येऊन विचारायचं होतंत. बारा मिनिटांच्या ड्राइव्हवर तर राहता."

"मी परत लिहिते त्यांना."

"लिहा. पण खोली गेली."

मॅडमनी गाडीवरचा रंगीत खडूंचा डबा काढून आन्याच्या हातात ठेवला.

"काढू कुठं, मॅडम?" आन्यानं विचारलं.

घंटा झाली. चारी बाजूंनी पोरं सुटली, आणि त्या गर्दीतून मॅडम गाडी ढकलत निघाल्या. एक चाक कुरकुरत होतं. त्या वळणाआड जाईपर्यंत रुपाली बघत राहिली. आन्या डबा छातीशी धरून आईकडे बघत होती.